हुर्यो आणि वन्स मोअर : बदलत्या रॉक गायकांवर रुसलेले रसिक

रॉक संगीताच्या सुमारे सत्तर वर्षांच्या इतिहासात गायक बदलला म्हणून त्याचे रसिक रुसल्याची उदाहरणे इतकी आहेत की, त्यांना अपवाद म्हणण्यापेक्षा या संगीताच्या जडणघडणीचाच एक भाग मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तरीही या रुसव्याचा विचार बहुधा एकाच बाजूने झालेला आहे. कलावंत काळाच्या पुढे होता आणि श्रोते मागे राहिले, अशी कथा चरित्रकारांनी व माहितीपटकारांनी इतक्या वेळा सांगितली आहे की, सभागृहात हुर्यो उडवणारा श्रोता हा तिच्यातला ठरलेला खलनायक होऊन बसला आहे. प्रत्यक्षात या तक्रारी एका जातीच्या नाहीत. काहींच्या मुळाशी संकुचित आवड होती, काही अगदी रास्त होत्या, आणि काही प्रसंगांत तर श्रोते नेमके कशावर चिडले होते, यावर आजही एकमत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी नेमके काय तुटले, हे तपासल्याखेरीज या प्रश्नाचा निवाडा करता येत नाही.

त्यासाठी आधी एक संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. लोकप्रिय संगीताचे अभ्यासक फिलिप ऑसलँडर यांनी गायकाच्या ठिकाणी तीन थर कल्पिले आहेत : घरीदारी वावरणारा खरा माणूस, गायक म्हणून लोकांसमोर येणारी त्याची मंचप्रतिमा, आणि एखाद्या गाण्यापुरते त्याने धारण केलेले पात्र. नाटकात यांपैकी पहिला आणि तिसरा थर प्रेक्षकांच्या मनात सहसा वेगळे राहतात, कारण नट हा नट आहे, ही जाणीव त्या कलेच्या संकेतातच अंतर्भूत असते. रॉकचा दावा मात्र असा की, मंचावर दिसतो तोच खरा माणूस होय. केस, कपडे, बोलण्याची ढब, वाद्य धरण्याची रीत हे सारे त्या माणसाच्या अंतरंगातून आलेले आहे, असे रसिक गृहीत धरतो आणि हा समज मोडू नये याची काळजी बहुतेक गायकही घेतात. म्हणूनच मंचप्रतिमा बदलली की रसिकापुढे एक अवघड कोडे उभे राहते. आजचा गायक खरा असेल तर कालचा खोटा होता काय, आणि कालचा खरा असेल तर आजचा कोण? मराठी रंगभूमीला हे कोडे अगदीच अपरिचित नाही. आयुष्यभर स्त्रीभूमिका गाजवणारे बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात संत एकनाथांच्या रूपाने पुरुषवेषात पडद्यावर आले, तेव्हा त्यांच्या अनेक भक्तांना ते पाहवले नाही. मात्र तेथे भंगला तो भूमिकेचा संकेत होता. बालगंधर्वांनी आपल्याला फसवले, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. रॉकचा रसिक मात्र नेमके तेच म्हणतो.

या आरोपाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बॉब डिलनचे आहे, आणि ते सर्वांत गुंतागुंतीचेही आहे. साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत लोकगीतांचे जे पुनरुज्जीवन झाले, ते निव्वळ संगीताचे नव्हते. नागरी हक्कांची चळवळ, अण्वस्त्रांना विरोध आणि बाजारू करमणुकीविषयीची चीड यांची त्याला जोड होती, आणि साधी, वीज न जोडलेली गिटार हे त्या नीतीचे चिन्ह होते. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या ऐतिहासिक मोर्चात गायलेला डिलन हा या मंडळींना आपला कवी वाटत होता. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात तो चामडी जाकीट घालून, इलेक्ट्रिक गिटार घेऊन आणि पॉल बटरफील्ड ब्लूज बँडमधील वादकांना साथीला घेऊन उभा राहिला. त्याने या संचासह तीनच गाणी म्हटली, हुर्यो उडाली, आणि नंतर साधी गिटार घेऊन दोन गाणी गात त्याने निरोप घेतला. या हुर्योचे कारण मात्र वादग्रस्त आहे. वीजवाद्यांचा राग आला, असे काही प्रत्यक्षदर्शी सांगतात. ध्वनियंत्रणा इतकी वाईट होती की शब्दच कळत नव्हते, असे इतर सांगतात, आणि ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर यांनीही आपला संताप शब्द बुडवणाऱ्या त्या गोंगाटावर होता, असेच पुढे स्पष्ट केले. महोत्सवाचा मुख्य गायक तीन गाण्यांत आटोपतो म्हणून लोक ओरडले, असेही एक मत आहे. या तीन कारणांपैकी एकच रूढिप्रियतेचे आहे. उरलेली दोन कोणत्याही काळातल्या श्रोत्याच्या तोंडी शोभतील अशी आहेत. दंतकथेने मात्र पहिले तेवढे उचलले.

पुढच्या वर्षीच्या जगदौऱ्यात ही संदिग्धता उरली नाही. पहिला अर्धा भाग एकट्याने, साध्या गिटारवर, आणि दुसरा ‘द हॉक्स’ या बँडसह वीजवाद्यांवर, अशी कार्यक्रमाची रचना होती. हॉक्सचा ढोलवादक लेव्हन हेल्म तर रोजच्या हुर्योला कंटाळून १९६५ अखेरच निघून गेला होता. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये उत्तरार्ध चालू असताना एका श्रोत्याने ‘जूडास’ अशी आरोळी ठोकली, म्हणजे येशूला चांदीच्या नाण्यांसाठी विकणाऱ्या शिष्याचे नाव घेतले. त्या आरोळीचे जनकत्व पुढे एकाहून अधिक व्यक्तींकडे गेले. त्या मैफलीचे चोरटे ध्वनिमुद्रण कित्येक वर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे म्हणून फिरत राहिले आणि १९९८ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. आज ते ऐकताना विशेष जाणवते ते हे की, बँड अत्यंत तयारीने वाजवत आहे आणि सभागृहातले लोक आपण काय ऐकायला आलो आहोत हे पुरते जाणून आहेत. इलेक्ट्रिक साथीच्या ध्वनिमुद्रिका तोवर वर्षभर बाजारात होत्या, वृत्तपत्रांतून बातम्या झळकल्या होत्या. तिकीट काढून हुर्यो उडवायला येणे हाच त्या दौऱ्याचा एक विधी होऊन बसला होता. येथे रसिकाला धक्का बसला होता, असे म्हणता येत नाही. तो साक्ष द्यायला आला होता. त्याचा आक्षेप आवाजाच्या गोंगाटावर नव्हता. गायकाने आपल्या इच्छेने, कोणाला न विचारता, एका सामूहिक कार्यातून अंग काढून घेतले, हा त्याचा आक्षेप होता.

‘इच्छेने’ हा या प्रश्नातला कळीचा मुद्दा दिसतो. गायकाचे काय हरपले यापेक्षा त्याने स्वतःहून काय टाकून दिले, यावर रसिक अधिक चिडतात. आवाज थकला, हात थरथरू लागले, स्मरण दगा देऊ लागले, तर टीका होते, पण तिला करुणेची किनार असते. हातात असलेली गोष्ट गायक देत नाही असे दिसले की मात्र ती टीका नैतिक होते. डिलनच्या पुढच्या कारकिर्दीत हे दोन्ही प्रकार एकमेकांत इतके मिसळले की, त्याचे चाहते आपण नेमके कशावर नाराज आहोत, हे स्वतःलाही नीट सांगू शकेनात.

१९७८ च्या जगदौऱ्यात त्याने मोठा वाद्यवृंद, सॅक्सोफोन आणि साथ देणाऱ्या गायिका आणल्या आणि जुन्या गाण्यांना नवे साज चढवले, तेव्हा अमेरिकेतील समीक्षकांनी त्याची तुलना लास वेगासच्या झगमगाटी करमणुकीशी केली. पण खरा स्फोट झाला तो पुढच्या वर्षी. ख्रिस्ती धर्मश्रद्धेचा नव्याने स्वीकार केलेल्या डिलनने १ नोव्हेंबर १९७९ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड नाट्यगृहात चौदा कार्यक्रम केले आणि त्यांत जुने एकही गाणे म्हटले नाही. केवळ नवी भक्तिगीते गायली आणि गाण्यांच्या मध्ये प्रवचने दिली. १९८० च्या वसंतापर्यंत हेच चालले. साठच्या दशकात कोणत्याही सत्तेपुढे मान न तुकवणारा म्हणून ज्याला डोक्यावर घेतले, तो आता श्रोत्यांना पापी ठरवून तारणाचा मार्ग सांगू लागला होता. हा बदल १९६५ च्या बदलाहून कितीतरी खोल होता, कारण तेव्हा केवळ वाद्ये बदलली होती, आता प्रश्न विचारणारा उत्तरे देऊ लागला होता. नोव्हेंबर १९८० मध्ये तो त्याच नाट्यगृहात जुन्या गाण्यांसह परतला. त्या काळातील मैफलींचे ध्वनिमुद्रण २०१७ साली संग्रहरूपाने आले, तेव्हा डिलनचा गळा क्वचितच इतका पेटलेला होता, असा निर्वाळा अनेक समीक्षकांनी दिला. तो निर्वाळा बरोबर आहे. पण त्यामुळे १९७९ च्या श्रोत्याची तक्रार चुकीची ठरते, असे मात्र नाही. घरी बसून, प्रवचने वगळून, चाळीस वर्षांच्या अंतरावरून ऐकणाऱ्याला जे सुख मिळते, ते आपल्याला उद्देशून नरकाची धमकी ऐकणाऱ्याला मिळणे शक्य नव्हते.

याच्या उलट १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील डिलनविषयी चाहत्यांनी जे म्हटले, ते स्वतः डिलननेच मान्य केले आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॉनिकल्स’ या आत्मकथनात १९८७ च्या सुमाराची आपली अवस्था त्याने निःसंकोचपणे वर्णिली आहे : टॉम पेटीच्या बँडसह दौरे चालले होते, पण आपलीच गाणी आपल्याला परकी झाली होती आणि निवृत्तीचा विचार मनात घोळत होता. त्या वर्षी प्रेक्षागृहातून निराश होऊन बाहेर पडलेला श्रोता अर्थातच अरसिक नव्हता. मंचावरचा माणूस मनाने तेथे नाही, हे त्याने बिनचूक ओळखले होते. हुर्यो उडवणाऱ्यांच्या इतिहासात या श्रोत्याला कोणी जागा दिलेली नाही, कारण त्याच्या तक्रारीतून कोणतीही वीरगाथा निघत नाही.

७ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील कॉनकॉर्ड येथून सुरू झालेल्या आणि ‘कधीही न संपणारा दौरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिरस्तीत डिलनने तीन हजारांहून अधिक कार्यक्रम केले. या काळातल्या तक्रारी आता जवळजवळ पाठ झाल्यासारख्या आहेत. गाणे निम्म्यावर आल्याशिवाय ओळखू येत नाही, तो प्रेक्षकांशी चकार शब्द बोलत नाही, २००२ पासून गिटार बाजूला ठेवून तो कीबोर्डमागे उभा राहतो, आवाजाची नुसती खरखर उरली आहे. यांतील शेवटची गोष्ट वयाची आहे आणि बाकीच्या निवडीच्या. परंतु ऐकणाऱ्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत. चाल मोडली आहे ती गळ्याला झेपत नाही म्हणून की लहर म्हणून, हे दहाव्या रांगेतून कळत नाही. २०१५ ते २०१७ या काळात त्याने फ्रँक सिनात्राच्या परंपरेतील जुन्या अमेरिकन गीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्या ऐकल्यावर हा गळा मनात आणले तर सूर किती नेटका लावू शकतो, हे लक्षात आले, आणि त्यामुळे तक्रार उलट वाढलीच. २०२१ पासूनच्या दौऱ्यात प्रेक्षकांचे मोबाइल कुलूपबंद पिशव्यांत ठेवण्याची सक्ती झाली. कार्यक्रमाचा मोठा भाग ‘रफ अँड रावडी वेज’ या २०२० च्या अल्बमने व्यापला आणि गाण्यांची यादी गावोगाव जवळपास तीच राहिली. वर्षानुवर्षे रोज वेगळी यादी हवी म्हणून त्याच्यामागे गावोगाव फिरणारे चाहते यावर नाराज झाले, तर एकदाच येणारे प्रेक्षक ओळखीचे काहीच नाही म्हणून नाराज झाले. एकाच कार्यक्रमाने दोन परस्परविरुद्ध निराशा निर्माण करण्याची ही किमया अन्य कोणाला साधलेली दिसत नाही.

या दोन गटांमधला भेद महत्त्वाचा आहे. १९५६ साली डॉनल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी दूरचित्रवाणीच्या संदर्भात एकतर्फी जवळिकीची कल्पना मांडली होती : प्रेक्षकाला पडद्यावरची व्यक्ती रोज भेटणाऱ्या परिचितासारखी वाटते, पण त्या व्यक्तीला त्या प्रेक्षकाचे अस्तित्वही ठाऊक नसते. रॉकच्या ज्येष्ठ गायकांबाबत ही जवळीक तीस-चाळीस वर्षांची असू शकते आणि तिच्यात चाहत्याचे स्वतःचे तारुण्य गुंतलेले असते. म्हणून वन्स मोअरची हाक गाण्याला असते तशी त्या काळालाही असते. गायकाने मात्र त्या काळात अडकून राहण्याचा करार कधीच केलेला नसतो. दोघांच्याही बाजूने पाहिले तर दोघेही बरोबर ठरतात, आणि पेच नेमका तेथेच आहे.

क्वचित हा पेच न्यायालयातही पोहोचला आहे. नील यंगचा ‘हार्वेस्ट’ हा अल्बम १९७२ साली अमेरिकेत सर्वाधिक खपला. त्यानंतर डॅनी व्हिटन हा सोबती वादक आणि ब्रूस बेरी हा दौऱ्यावरचा सहकारी अमली पदार्थांना बळी पडले, आणि १९७३ च्या शरदातील दौऱ्यात यंगने ‘हार्वेस्ट’ची मधुर गाणी ऐकायला आलेल्यांना अंधूक मंचावरून, अजून प्रसिद्धही न झालेली भेसूर शोकगीते ऐकवली. प्रेक्षक गोंधळले, काही चिडले. त्या शोकगीतांचा अल्बम १९७५ साली आला आणि आज तो त्याच्या सर्वोत्तम कृतींत गणला जातो. पुढे १९८२-८३ मध्ये त्याने मानवी आवाज यंत्रातून बदलून काढणारे व्होकोडर हे उपकरण वापरून ‘ट्रान्स’ काढला आणि लगेच पन्नाशीच्या दशकातील रॉक अँड रोलची हुबेहूब नक्कल करणारा दुसरा अल्बम काढला, तेव्हा गेफन या ध्वनिमुद्रण कंपनीने १९८३ साली त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला. त्याचे संगीत त्याच्या नेहमीच्या संगीतासारखे नाही, हा त्या दाव्याचा आशय होता. म्हणजे नील यंग हा नील यंगसारखा वाटत नाही, या कुरकुरीला प्रथमच वकिली भाषा मिळाली. यंगने प्रतिदावा केला, प्रकरण मिटले आणि कंपनीचे प्रमुख गेफन यांनी पुढे दिलगिरी व्यक्त केली. ‘ट्रान्स’मागचे कारण मात्र यंगने उशिरा सांगितले. सेरेब्रल पाल्सी असलेला, बोलू न शकणारा त्याचा मुलगा आणि त्याच्याशी संवाद साधण्याची धडपड त्या न कळणाऱ्या यांत्रिक आवाजात होती. हे कळल्यावर तोच अल्बम अनेकांना वेगळा ऐकू येऊ लागला. लहरीपोटी केलेला वाटणारा बदल नाइलाजातून आलेला होता, एवढे समजताच रुसवा ओसरला. सूर तर एकही बदललेला नव्हता.

रिक नेल्सनची हकीकत याला जोडूनच सांगावी लागते, पण थोडक्यात. पन्नाशीच्या दशकातला हा किशोरवयीन तारा ऑक्टोबर १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील जुन्या गाण्यांच्या मैफलीत लांब केस आणि नवी गाणी घेऊन आला आणि हुर्यो ऐकून मंचावरून निघून गेला. हुर्यो मागच्या रांगांत पोलिसांनी केलेल्या कारवाईविरुद्ध होती, असेही सांगितले जाते. खरे काहीही असो, नेल्सनने त्या अपमानावर पुढच्या वर्षी ‘गार्डन पार्टी’ हे गाणे रचले आणि तेच त्याचे अखेरचे मोठे यश ठरले.

डेव्हिड बोवीचे प्रकरण वरवर पाहता या चौकटीत बसत नाही, कारण बदल हाच त्याचा रसिकांशी झालेला करार होता. ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये त्याने झिगी स्टारडस्ट या आपल्याच लोकप्रिय अवताराला निरोप दिला, तेव्हा ही बातमी त्याच्या बँडमधल्या काहींनाही मंचावरच कळली. चाहते रडले, पण त्यांनी फसवणुकीचा आरोप केला नाही. झिगी हे पात्र आहे, हे त्यांना ठाऊक होते. बोवीवरची खरी नाराजी १९८३ साली सुरू झाली, आणि तिचे कारण गमतीचे आहे. ‘लेट्स डान्स’ या अल्बमनंतर तो फिकट रंगाचे सूट घालणारा, उन्हात रापलेला, सर्वांना आवडेल असा तारा झाला. विचित्रांचा त्राता सामान्य होऊन बसला, हेच त्याच्या जुन्या भक्तांना सोसले नाही. अवतार बदलण्यावर त्यांचा आक्षेप नव्हता. अवतार घेणेच थांबले, याचे त्यांना दुःख होते. १९८७ च्या ‘ग्लास स्पायडर’ दौऱ्यातील प्रचंड कोळी, नर्तक आणि संवाद यांच्या पसाऱ्याने समीक्षकांची उरलीसुरली सहानुभूतीही गेली, आणि त्या वर्षांतील आपले काम फिके होते, हे बोवीने पुढे स्वतःच मान्य केले. १९९० च्या ‘साउंड अँड व्हिजन’ दौऱ्यात त्याने जुनी लोकप्रिय गाणी अखेरची म्हणणार, असे जाहीर करून कोणती म्हणायची यासाठी दूरध्वनीवरून मते मागवली. रसिकांच्या आठवणींना असा शासकीय थाटाचा निरोप देण्याचा प्रयत्न दुसऱ्या कोणी केल्याचे दिसत नाही. १९९५ मध्ये त्याने शब्द पाळून बव्हंशी नवी आणि आडवळणाची गाणी गायली, प्रेक्षक उठून गेले. आणि जून २०००मध्ये ग्लास्टनबरीच्या मैदानावर तो लांब केसांत, जुन्या गाण्यांची खैरात करत परतला, तेव्हा त्याचा शब्द मोडल्याबद्दल कोणीही तक्रार केली नाही. निश्चय मोडणे हेही बदलणेच असते; पण ते आपल्या बाजूने असले की रसिक त्याला परिपक्वता म्हणतात.

महाराष्ट्राशी खरा धागा असलेले उदाहरण फ्रेडी मर्क्युरीचे आहे. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच १९५८ च्या सुमारास शाळासोबत्यांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. पुढे लंडनमध्ये ‘क्वीन’चा गायक म्हणून त्याची जी प्रतिमा रूढ झाली, तिच्यात लांब केस, काळी रंगवलेली नखे आणि पंखांसारखे फुलणारे पांढरे रेशमी वस्त्र होते. १९८० साली तो आखूड केस आणि जाड मिशा ठेवून आला. अमेरिकन शहरांतील समलैंगिक पुरुषांच्या क्लबांमध्ये तेव्हा रूढ असलेली ती वेशभूषा होती. त्या वर्षीच्या उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यात काही प्रेक्षकांनी मंचावर दाढीचे रेझर फेकले. वरकरणी ही थट्टा होती, पण तिच्याआड अस्वस्थता होती. आधीचा नटवेपणा रॉकच्या नाटकीपणात खपून जात होता. मिशांनी मात्र एका खऱ्या समाजाकडे आणि खऱ्या जगण्याकडे बोट दाखवले होते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर खरेपणाची सतत मागणी करणाऱ्या रसिकांपुढे गायक थोडा अधिक खरा होऊन आला आणि त्यांना तोच बदल खुपला. काळाचा सूड असा की, १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड मैफलीमधला पांढरी बंडी घातलेला मिशाळ फ्रेडी हाच आज जगाच्या स्मरणात आहे आणि स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो येथे १९९६ साली उभारलेल्या पुतळ्यालाही त्याच मिशा आहेत.

आतापर्यंतच्या उदाहरणांत बदल गळ्यात, वाद्यात किंवा वेषात होता. अलीकडच्या काळात मात्र निराशेचे केंद्र मंचाबाहेर सरकले आहे. सेक्स पिस्टल्सचा जॉन लायडन १९९६ साली बँड पुन्हा जमवताना हे सारे पैशासाठी आहे, असे उघड सांगून मोकळा झाला, आणि २००८ मध्ये ब्रिटनमध्ये लोण्याच्या जाहिरातीत शेतकरी जहागीरदाराच्या थाटात झळकला. पंकच्या बंडखोराला टीव्हीवर लोणी विकताना पाहून चाहत्यांनी डोक्याला हात लावला, तेव्हा त्या पैशातून आपण दुसरा बँड उभा करू शकलो, असे त्याने सांगितले, आणि ते खरे होते. मॉरिसीच्या बाबतीत मात्र अशी सारवासारव शक्य झाली नाही. एकाकी, बुजऱ्या, बहिष्कृत तरुणांचा कैवारी म्हणून ‘द स्मिथ्स’च्या काळात ज्याने घर केले, त्याने २०१९ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘फॉर ब्रिटन’ या अतिउजव्या पक्षाचा बिल्ला लावून गायन केले, आणि कार्डिफमधल्या एका जुन्या, नामांकित दुकानाने त्याच्या ध्वनिमुद्रिका विकणे बंद केले.

ब्रूस स्प्रिंगस्टीनचे प्रकरण यांहून सौम्य, पण अधिक बोलके आहे. न्यू जर्सीच्या कामगार वस्तीचा गायक ही त्याची प्रतिमा पन्नास वर्षे अबाधित राहिली होती. १९८९ मध्ये त्याने ई स्ट्रीट बँडला रजा दिली आणि १९९२ पासून दुसऱ्या वादकांसह दौरे केले, तेव्हा चाहते हिरमुसले, तरी दुरावले नाहीत. पण २०२२ साली मागणीप्रमाणे किंमत आपोआप वाढवणाऱ्या पद्धतीने त्याची तिकिटे विकली गेली आणि काही आसनांचे दर हजारो डॉलरवर गेले, तेव्हा १९८० पासून त्याच्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या ‘बॅकस्ट्रीट्स’ या नियतकालिकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकाशन थांबवत असल्याचे जाहीर केले. गाणी तीच होती, बँड तोच होता, तीन तास घाम गाळून गाण्याची रीतही तीच होती. तरीही मंचप्रतिमा बदलली होती, कारण तिकिटाचा दर हा त्या प्रतिमेचा एक न लिहिलेला भाग होता आणि तो आहे, हे तो बदलेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नव्हते.

हरपणे आणि टाकून देणे यांतला फरक वार्धक्याच्या संदर्भात सर्वांत स्पष्ट होतो. जोनी मिचेलचा आवाज धूम्रपानाने आणि वयाने कित्येक स्वर खाली उतरला. तिने २००० साली आपले तरुणपणीचे गाणे त्या खोल, जड आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि रसिकांनी ते मूळ गाण्याहूनही कदाचित अधिक जपले. २०१५ मध्ये मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्यानंतर तिला बोलणे-चालणे नव्याने शिकावे लागले. जुलै २०२२ मध्ये ती न्यूपोर्टच्या त्याच महोत्सवात खुर्चीत बसून गायली, तेव्हा श्रोत्यांचे डोळे भरून आले. जेथे तीन गाण्यांवरून रणकंदन झाले, तेथेच उमेदीच्या आवाजाचा एक अंश घेऊन आलेल्या गायिकेला लोकांनी हृदयाशी धरले. याचे श्रेय रसिकांच्या वाढलेल्या समजुतीला देण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. मिचेलने काहीही टाकून दिले नव्हते, ही त्यामागची साधी गोष्ट आहे. रॉबर्ट प्लांटचे उदाहरण नेमके उलटे आहे. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमधील ओटू सभागृहात ‘लेड झेपलिन’ची एकच मैफल झाली, प्लांटचा गळा शाबूत आहे हे जगाने ऐकले, आणि त्यानंतर त्याने दौऱ्याला ठाम नकार देऊन ॲलिसन क्राउस या गायिकेबरोबरच्या हलक्या आवाजातल्या अमेरिकन कंट्री शैलीच्या गाण्यांचा मार्ग धरला. त्या जोडीच्या अल्बमला २००९ साली ग्रॅमी मिळाले. तरी झेपलिनचे कित्येक चाहते त्याला अजून माफ करायला तयार नाहीत, कारण त्याला ते जमले असते.

न बदलणाऱ्यांची वाट जाते ती वेगळ्या दिशेने. चेहरा रंगवून गाणाऱ्या ‘किस’ने १९८३ मध्ये रंग पुसून पाहिला, तेरा वर्षांनी तो पुन्हा चढवला आणि डिसेंबर २०२३ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील अखेरच्या कार्यक्रमाच्या शेवटी आपल्या संगणकनिर्मित प्रतिरूपांची घोषणा केली. लंडनमध्ये मे २०२२ पासून चालू असलेल्या ‘अब्बा व्हॉयेज’ या कार्यक्रमात प्रत्यक्ष वादकांच्या साथीने गाणारी चार गायकांची अशीच प्रतिरूपे १९७९ सालच्या वयाची आहेत आणि तशीच राहणार आहेत. त्या प्रकल्पाशी जोडलेल्या पॉपहाउस या स्वीडिश कंपनीने २०२४ मध्ये ‘किस’ची गाणी, नाव आणि चेहऱ्यांचे रंग यांचे हक्क विकत घेतले. या प्रतिरूपांना वय नाही, धर्मांतर नाही, लहर नाही, आणि ती कधी कीबोर्डमागे जाऊन उभी राहणार नाहीत. गाण्यांची यादी कंपनी ठरवील आणि ती विक्रीचे आकडे पाहून ठरवील, म्हणजे एका अर्थी वन्स मोअरची मागणी प्रथमच पूर्णपणे मान्य होईल. पण ज्याला काही टाकून देता येत नाही, त्याच्यावर रुसताही येत नाही, आणि मँचेस्टरमधल्या त्या श्रोत्याला आज अशा कार्यक्रमात ओरडावेसे वाटले, तर त्याने कोणाचे नाव घ्यावे, हे सांगणे कठीण आहे.